शाडू गेली भिंतीला

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे ब्राह्मणांच्या मोहल्ल्यात, कुणी कुणाची निंदा करत नाही. फक्त जे घडलं ते सगळं सांगतात, आणि जे घडायचं राहून गेलं असेल ते पदरचं घालून पुरं करतात. त्यामुळे चारुदत्त टेंभेकर एका सकाळी डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात खुरपं घेऊन स्वतःच्याच घराची भिंत खरवडताना दिसले, तेव्हा तासाभरात बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचली. एका टोकाला पोचली तेव्हा ते भिंतीत पुरलेलं सोनं काढत होते. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मोतीबिंदूचं ऑपरेशन डोक्यात गेलं होतं.

खरी गोष्ट या दोन्हींपेक्षा मजेची होती. ते भिंतीतून गणपती काढायच्या खटपटीत होते.

टेंभेकर म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन. त्यांचा कुणी खापरपणजोबा भोसल्यांच्या फौजेमागून दप्तर सांभाळायला नागपुराहून इकडे आला आणि परत जायचं विसरला. त्याला अडीचशे वर्षं होत आली, पण घरात अजून ‘आपल्या तिकडे’ असं म्हणतात, आणि तिकडे म्हणजे नेमकं कुठे असं विचारलं तर नवरा बायकोकडे बघतो नि बायको कॅलेंडरकडे. नोकरीत तीस वर्षं चारुदत्तांनी कालव्यांचे नकाशे काढले. छत्तीसगडची माती त्यांना पाठ होती. कन्हार म्हणजे काळी चिकट, मटासी म्हणजे पिवळसर, भाटा म्हणजे लाल मुरमाड माळ. नकाशात कन्हारला आडव्या रेघा, मटासीला ठिपके, भाट्याला फुल्या. मात्र या तिन्हींत त्यांचं फक्त निब गेलं. बोट कधी गेलं नाही.

बोट गेलं ते दुसऱ्याच मातीत. त्यांचे एक मामा पेणला शाळामास्तर होते. तेराव्या आणि चौदाव्या वर्षी अशा दोन सुट्ट्या चारुदत्त तिकडे राहिले, आणि शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात शाडू कशी मळायची, सोंड कशी वळवायची, बोटांची पेरं कशी सुटी करायची ते शिकून आले. या दोन सुट्ट्यांच्या जोरावर ते आयुष्यभर ‘पेणचा हात’ म्हणून मिरवले. ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी मंडळाचा अडीच फुटी गणपती गेली चौतीस वर्षं त्यांच्याच हातचा. नागपूरच्या एका दुकानदाराकडून उन्हाळ्यात शाडूची तीन पोती यायची, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती तयार असायची. लांब बोटं, वर उचललेला आशीर्वादाचा हात, कानाच्या पाळ्या इतक्या पातळ की उजेड आरपार दिसावा.

एवढ्यावर भागलं असतं तर मंडळाचे लोक त्यांना नुसतेच मानत राहिले असते. पण उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं व्याख्यान असायचं. विषय दरवर्षी एकच, माती आणि कला. सार असं, की प्रदेश जसा तशी कला. तिकडे सह्याद्रीचे कडे, कातळ, समुद्र, म्हणून तिकडच्या हाताला रेषा आली, धार आली. इकडे सगळं परातीसारखं सपाट. धान पेरा, तलावात पाय सोडून बसा. या मातीत कष्ट आहेत, भात आहे, भलेपणा आहे, पण कला नाही. व्याख्यान पंचावन्न मिनिटं चालायचं आणि लोक प्रसाद मागाहून वाटतात म्हणून बसायचे.

मंडळाचे सचिव शालिग्राम डबीर या व्याख्यानाला दरवर्षी पहिल्या रांगेत बसून डुलकी घेत. हे दोघं शाळेपासूनचे सोबती, आणि सोबती असल्यामुळे एकमेकांचं काहीही चांगलं झालेलं दोघांना खपत नसे. रोज संध्याकाळी डबीर टेंभेकरांच्या ओट्यावर येऊन बसायचे. बसण्याची तऱ्हा ठरलेली. डावी मांडी घातलेली, उजवा गुडघा उभा, त्यावर हात टाकलेला, पोट निवांत पुढे सोडलेलं. एकदा बसले की दोन चहांशिवाय उठायचे नाहीत, आणि उठताना नेहमी एकच टोमणा मारायचे, की चारुभाऊ, आता पेणहून तयार मूर्ती घरपोच येते, मोबाइलवर फोटो बघायचा नि बोट टेकवायचं. तुम्ही काहून त्रास घेऊन राहिले? चारुदत्तांना ते बोट फार लागायचं. मूर्ती आपल्या हातून सुटली तर मंडळात आपण चपला सांभाळायलाही उरणार नाही, हे त्यांना कळत होतं. ज्या घरात गणपती बनतो ते घर, ही त्यांची पाऱ्यातली ओळख. नकाशे तर खात्यातल्या कपाटात कुजत पडले होते.

या वर्षी गडबड झाली ती अशी. मोतीबिंदू पिकला, म्हणून पुण्याला मुलीकडे, श्रावणीकडे जाऊन ऑपरेशन करायचं ठरलं. शाडूची पोती आली होती, ती ओसरीत रचून टेंभेकर पतिपत्नी पुण्याला गेले आणि महिनाभर राहिले. घराची किल्ली पायलकडे होती. पायल चक्रधारी गेली सोळा वर्षं त्यांच्याकडे धुणंभांडी नि वरचं सगळं करते. राहायला गुढियारीत, जातीनं कुंभार, स्वतः सासू व्हायला आलेली बाई. कौमुदीबाईंनी, म्हणजे चारुदत्तांच्या पत्नीनं, परतायच्या आधी तिला फोन केला, की आम्ही हरेलीच्या दुसऱ्या दिवशी येतो, घर जरा नीट कर, आणि ती ओसरीतली पोती हलव, रस्त्यात येतात.

आता हरेली म्हणजे छत्तीसगडातला पावसाळ्यातला पहिला सण. नांगर-कुदळी धुवून पुजायच्या, घरं सारवायची. आणि भिंती पांढऱ्या करायच्या त्या छुहीनं. छुही म्हणजे इकडची पांढरी माती. शहरात डिस्टेंपर आल्यापासून ती मिळेनाशी झाली आहे, आणि जुन्या बाया तिच्यासाठी हळहळतात. पायलनं पोती हलवायला एकाचं तोंड सोडून पाहिलं, तर आत लोण्यासारखी पांढरी माती. सोळा वर्षांत तिनं शाडू भिजवलेली, मळलेली, मूर्ती झालेली पाहिली होती. कोरडी, पोत्यातली कधी पाहिली नव्हती, कारण पोत्यांना हात लावायची चारुदत्तांची बंदी असे. ऑपरेशन झाल्यामुळे या वर्षी मूर्ती नाही, असंही पाऱ्यात बोललं जात होतं. कोण बोलत होतं ते डबीरांना विचारावं. पायलला वाटलं, दीदींनी, म्हणजे कौमुदीबाईंनी, हरेलीसाठी छुही मागवली. तिनं थोडं शेण कालवून ओसरी, अंगण, तुळशीवृंदावन सगळं पोतारलं. माती इतकी मऊ लागली, इतकी पांढरी फुलली, की उरलेलं दीड पोतं तिनं गुढियारीतल्या आपल्या गल्लीतल्या बायांना वाटलं. त्या वर्षी त्या गल्लीइतकी उजळ हरेली रायपुरात कुठे झाली नाही.

टेंभेकर घरी आले. नवा डोळा, त्यात ही पांढरी भिंत, आधी त्यांना वाटलं डॉक्टरनं कमाल केली. मग ओसरीचा रिकामा कोपरा दिसला. पायल आनंदानं उभी होती. म्हणाली, “छुही आय बाबूजी, अब्बड सुग्घर निकलिस.”

फार सुंदर निघाली होती खरी. चारुदत्त खाली बसले. कौमुदीबाईंनी परिस्थिती एका नजरेत ओळखली आणि आपली बाजू आधीच मांडून ठेवली. त्या म्हणाल्या, “मी पोती हलव म्हटलं होतं. हलवलीच ना तिनं.”

रागवायचं कुणावर? दुसऱ्या दिवशी ते खुरपं घेऊन भिंतीला भिडले आणि अर्धी बादली माती काढली, तिच्यात अर्धं शेण. नागपूरच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, हंगाम संपला, आता दिवाळीनंतर. चतुर्थीला पाच आठवडे होते.

डबीरांनी चार दिवसांत मंडळाची बैठक बोलावली. विषयपत्रिकेवर ‘श्रींची मूर्ती’ एवढाच एक विषय, आणि त्याखाली चहा. बैठकीत ते फार प्रेमानं बोलले. म्हणाले, चारुभाऊंनी आता विश्रांती घ्यावी, मूर्ती पेणहून मागवू, सगळं बोलून झालं आहे, फक्त हो म्हणायचं आहे. चारुदत्त उठले आणि म्हणाले, मूर्ती मीच करीन. कशाची, असा प्रश्न आला. त्यांच्या तोंडून निघून गेलं, इथल्या मातीची.

बैठकीत कुणी हसलं नाही. सगळे चहा प्यायले, तो मात्र बराच वेळ प्यायले. मग डबीर म्हणाले, “चारुभाऊ, चौतीस वर्षं तुम्हीच सांगून राहिले ना, या मातीत कला नाही म्हणून. आम्ही ऐकलं. आता तुमचंच पेण बोलावून राहिलो तर तुम्हाले नको.”

शेवटी ठरलं असं. पोळ्याच्या दिवशी, चतुर्थीच्या चार दिवस आधी, कार्यकारिणी टेंभेकरांच्या घरी येऊन मूर्ती पाहील. पसंत पडली तर हीच. नाही पडली तर या वर्षी पेणची, आणि पुढेही पेणचीच. खबरदारी म्हणून डबीरांनी पेणची एक मूर्ती सांगून ठेवली, कारण सचिवाला दोन्ही पाय जमिनीवर ठेवावे लागतात, शक्यतो दोन वेगळ्या जमिनींवर.

मातीचा प्रश्न पायलनं सोडवला. तिचे सासरे हरिदास चक्रधारी गुढियारीत अजून चाक फिरवतात. पोळ्यासाठी मातीचे नांदिया बैल, चाकांचे, पोरांनी दोरी बांधून ओढायचे, आणि पोरींसाठी मातीची जाती-चुली, एवढं त्यांचं पावसाळ्यातलं काम. खारून नदीपलीकडच्या एका गावातल्या तलावाची कन्हार ट्रॅक्टरनं येते. चारुदत्त पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा हरिदासांनी त्यांना खाट दिली, पाणी दिलं आणि मातीचा ढीग दाखवला. हरिदासांना बोलायची घाई नसते. त्यांना एक प्रश्न सोमवारी विचारला तर उत्तर बुधवारपर्यंत येतं, पण येतं ते पक्कं भाजलेलं.

मूर्ती घरी ओसरीतच घडवायची होती, म्हणून माती रिक्षातून ब्राह्मणपाऱ्यात आली. चारुदत्तांनी ती शाडूसारखी मळली, शाडूसारखीच वळवली. तीच लांब बोटं, तोच उचललेला हात, तेच पातळ कान. तीन दिवस गणपती देखणा दिसला. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि उजव्या मनगटाला केसाएवढी चीर गेली. दुपारी हात पाटावर पडला. संध्याकाळी एक कान गेला. सोंड मध्येच फाटली. डबीर नेहमीप्रमाणे ओट्यावर आले, आत डोकावले आणि नेहमीचा टोमणा न मारताच दोन चहा पिऊन गेले.

दुसरा गणपती आठव्या दिवशी तसाच गेला. या वेळी बोटं आधी गळाली. कौमुदीबाईंनी ती गोळा करून पाण्याच्या बादलीत टाकली आणि नवऱ्याला म्हणाल्या, की तुम्ही त्या म्हाताऱ्याला विचारा ना. चारुदत्त म्हणाले, तो बैल करतो, मी गणपती करतो. त्या म्हणाल्या, त्याचे बैल मात्र उभे आहेत.

हे फार खरं होतं. दुसऱ्या दिवशी चारुदत्त गुढियारीत जाऊन हरिदासांच्या चाकासमोर बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी ते बैल नीट पाहिले. आखूड जाड पाय, मान खांद्यात बसलेली, शिंगं डोक्यालगत वळलेली, वशिंड पाठीतूनच वर आलेलं. अंगाबाहेर काहीच नाही. शेजारी दिवाळीसाठी करून ठेवलेला मातीचा सुवा, म्हणजे पोपट, ज्याला टोपलीत ठेवून बाया भोवती गोल नाचतात. त्याचेही पंख पोटाशी मिटलेले. एका कोनाड्यात घरचा जुना हत्ती होता, त्याची सोंड सरळ खाली येऊन पायांना टेकलेली. तीस वर्षं नकाशावर आडव्या रेघा मारणारा माणूस त्या हत्तीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, की काका, माझा हात काहून तुटते?

हरिदासांनी चाक थांबवलं. म्हणाले, “महराज, ए माटी चार महिना पानी पीथे. सुखाथे त दर्रा हनथे. ओला जबरन झन तीरव. बइठन देवव.”

चार महिने पाणी पिणारी माती. सुकली की भेगा पडणारच. तिला जबरदस्तीनं ताणू नका, बसू द्या. मग हळूहळू, दोन दिवसांत मिळून, बाकीचं आलं. उन्हाळ्यात कन्हारच्या शेतात भेगा इतक्या पडतात की माणसाचा पाय जातो. ही माती ज्याला चिकटून असते त्याला धरून ठेवते, आणि ज्याला एकटं बाहेर काढाल त्याला सोडून देते. म्हणून इकडचा कुंभार काही एकटं सोडत नाही. हात गुडघ्याला, सोंड पोटाला, कान खांद्याला. आत पैरा घालायचा, म्हणजे धानाचं तणस, आणि मळताना कोंडा, कारण इथे दुसरं काही मुबलक नाही आणि धान कधी कमी नाही. शेवटी हरिदास म्हणाले की इथली माणसंही तशीच आहेत, एकटं उभं राहायचं म्हटलं तर आजारी पडतात, पारावर चार जणांना टेकून बसवा, शंभर वर्षं जगतात. हे म्हणताना ते हसले की नाही, हे मिशीमुळे कळलं नाही.

चारुदत्त घरी आले ते चालत आले. रिक्षा करायचं भान नव्हतं. पंचावन्न मिनिटांचं व्याख्यान त्यांच्या डोक्यात उलटं चालू होतं. प्रदेश जसा तशी कला, हे त्यांचं वाक्य बरोबरच होतं. फक्त ते चौतीस वर्षं एकाच प्रदेशाला लावत होते, आणि राहत होते दुसऱ्यात.

पोळ्याला बारा दिवस उरले होते. तिसऱ्या गणपतीची माती हरिदासांनी स्वतः येऊन मळून दिली, पायांनी, अंगणात, कोंडा घालून. पायल पैरा वळून देत होती. कुठे काय करायचं यावरून तिचं नि बाबूजींचं दोनदा वाजलं आणि दोन्ही वेळा तीच बरोबर निघाली. आता प्रश्न होता बैठकीचा. पेणचा गणपती सिंहासनावर ताठ बसतो, जणू आत्ता उठून दरबाराला निघणार. इकडचा कसा बसेल? चारुदत्तांनी विचार केला नाही. हात आपोआप जात राहिले. डावी मांडी घातलेली. उजवा गुडघा उभा, त्यावर हात टाकलेला, मनगटापासून कोपरापर्यंत मातीला माती लागलेली. सोंड पोटावरून घरंगळून मांडीवर टेकलेली. कान खांद्यांवर पसरलेले, दुपारच्या जेवणानंतर पसरावेत तसे. आणि पोट निवांत पुढे. डोळे मात्र त्यांनी पेणच्या पद्धतीनं आखले, बारीक, जागे, थोडे खट्याळ. नव्या डोळ्यानं पहिल्यांदाच त्यांना पापणीची कड बिनचष्म्याची दिसली.

सहा दिवस गेले, ऊन पडलं, चीर नाही. हरिदासांच्या घरून थोडी खरी छुही आली, तिचा हात दिला, वर गेरू नि पिवडी. काम संपलं त्या दुपारी कौमुदीबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. कप खाली ठेवून त्यांनी पदर तोंडाला लावला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हे तर शालिग्रामजी बसले आहेत.”

चारुदत्तांनी पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर एकच माणूस बसलेला असेल तर हातांनी दुसरं कोण घडवायचं? बदलायला वेळ नव्हता, आणि ही माती एकदा बसली की उठत नाही. कौमुदीबाईंनी बजावलं, की त्यांनी ओळखलं तर थट्टा केली म्हणतील, आयुष्यात घरी यायचे नाहीत आणि मूर्ती तर नक्कीच जायची नाही. तुम्ही तोंड उघडू नका. चारुदत्तांनी मान डोलावली. पुढचे दोन दिवस डबीर ओट्यावर आले की ओसरीचा पडदा ओढला जायचा. डबीरांना वाटलं, हाही गणपती फुटला. त्यांनी दोन्ही दिवस चहा जरा सहानुभूतीनं प्यायला.

पोळ्याच्या सकाळी कार्यकारिणीचे सात जण आले. डबीर गडद निळा नवा कुर्ता घालून आले होते. सगळ्यात तरुण सदस्य सोनिया वाघमारे. बँकेत नोकरी, मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देणारी. पडदा सरला. दोन जणांनी नकळत हात जोडले आणि मग आपण परीक्षक आहोत हे आठवून सोडले. डबीरांनी प्रदक्षिणा घातली, बोटाच्या नखानं पाटाशी मूर्ती टिचकून पाहिली, आणि भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

“मानलं चारुभाऊ,” ते म्हणाले. “कुठून तरी आणलीच तुम्ही. शेवटी शाडू ते शाडू. इथल्या मातीच्यानं हे होत नसते.”

झालं होतं. मूर्ती पसंत होती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला तर बायकोनं आधीच सांगून ठेवलं होतं. पण दारात पायल चहाचा ट्रे घेऊन उभी होती, आणि तिच्या मागे अंगणात हरिदास उकिडवे बसले होते. ते चारुदत्तांकडे बघत नव्हते, मूर्तीकडे बघत होते. चारुदत्तांनी घसा साफ केला.

“शाडू तुमच्या पाठीला लागून राहिली आहे, शालिग्रामजी.”

डबीर भिंतीपासून दूर झाले. निळ्या कुर्त्याची पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरी झाली होती. सोनियानं हसू गिळलं. मग चारुदत्तांनी सगळं सांगितलं. शाडू कुठे गेली, माती कुठली, कुणाची, आणि कसे दोन गणपती आधी फुटले. सांगायला चार मिनिटं लागली. त्यांच्या बोलण्याला इतका कमी वेळ लागलेला कुणी पाहिला नव्हता.

“आणि ते व्याख्यान?” डबीरांनी विचारलं. “चौतीस वर्षं ऐकलं आम्ही. या मातीत कला नाही म्हणून.”

“म्हणत होतो,” चारुदत्त म्हणाले. “ठाऊक नव्हतं म्हणून म्हणत होतो. ठाऊक नसलं की माणूस पंचावन्न मिनिटं बोलते.”

डबीर गंभीर झाले. मंडळात तीन पिढ्या शाडूचाच गणपती बसतो, असं त्यांनी म्हणायला सुरुवात केली. परंपरेचा प्रश्न आहे, पेणची मूर्ती सांगून ठेवली आहे, असं बरंच काही ते बोलणार होते. तेवढ्यात सोनिया, जी इतका वेळ मूर्तीकडे टक लावून होती, अगदी निरागसपणे म्हणाली, “अंकल, ये तो बिल्कुल आप जैसे बैठे हैं.”

कौमुदीबाईंनी डोळे मिटून घेतले. डबीर मूर्तीकडे पाहत राहिले. मग सावकाश ओसरीच्या कडेला गेले आणि बसले. डावी मांडी घातली. उजवा गुडघा उभा केला. हात त्यावर टाकला. पोट पुढे सोडलं. सहाही सदस्यांनी आधी मूर्तीकडे, मग सचिवाकडे, मग आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

“पोट्टे, फोटो काढ,” डबीर म्हणाले. सोनियानं दोघांचा एकत्र काढला. डबीरांनी फोन हातात घेऊन चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहिलं.

“पोट जरा जास्त झालं,” ते शेवटी म्हणाले.

“कोणाचं?” चारुदत्तांनी विचारलं.

“त्याचं.” डबीरांनी फोन परत दिला. “तरी पण चांगला दिसून राहिला. मंडळात हाच बसंन. पेणवाल्याले मी सांगतो, ती मूर्ती माझ्या घरी पाठव म्हणून.”

कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेणाऱ्याला सचिवाच्या तोंडावर त्याची बैठक वाईट आहे असं म्हणावं लागलं असतं. पायलनं चहा फिरवला. डबीरांनी तीन कप प्यायले. अंगणात जाऊन ते हरिदासांशीही बोलले, निदान त्यांच्याशेजारी बराच वेळ बसले, आणि त्या दोघांमध्ये एकूण सहा-सात शब्द झाले असतील.

चतुर्थीला सकाळी मूर्ती न्यायची वेळ आली. दरवर्षी शाडूचा गणपती दोन माणसं उचलायची आणि बोलत बोलत मंडळात पोचायची. या वर्षी दोघांनी पाटाला हात लावला, तर गणपती जागचा हलला नाही. आत पैरा असला तरी भरीव कन्हार. चौघं लागले. दारातून निघायला वीस मिनिटं गेली आणि गल्लीत पाच पावलं झाल्यावर सगळ्यांनी एकमतानं तो खाली ठेवला. मग भाजीवाल्याची हातगाडी आली. हरिदासांनी तिच्यात पैरा अंथरला. डबीरांनी सोंडेची बाजू आपली म्हणून जाहीर केली, कारण त्या बाजूनं फोटो चांगला येतो. चारुदत्तांना डोळ्यामुळे उचलायची मनाई होती, म्हणून ते पुढे चालत सगळ्यांना दिशा सांगत होते, आणि कुणी ऐकत नव्हतं. पायल मागून गाडी ढकलत होती. तिच्या गल्लीतल्या बायाही आल्या होत्या. आपल्या भिंतींपायी हे सगळं घडलं म्हणून त्यांना गणपतीवर जरा जास्त हक्क वाटत होता.

चौकात गाडी खड्ड्यात अडकली. मंडळातून गुरुजींचा फोन आला, की मुहूर्त टळून राहिला, तुम्ही आहात तरी कुठे. डबीर एका हातानं सोंड सांभाळत, दुसऱ्या हातानं फोन धरून, धापा टाकत उभे होते.

“येऊन राहिलो, गुरुजी,” ते म्हणाले. “जड आहे जरा. पण येऊन राहिलो.”